डवरणीतलं लॅटिन

दोन हजार सतरा साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि त्या पावसाळ्यात मी लॅटिन शिकलो.

कुणाला हसू आलं तर येऊ द्या. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही अर्धं. उरलेलं अर्धं गुरांमागे गेलं. तरी हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. अक्षर मोठं येतं, ओळ खाली घसरते, पण माझी आहे. नात म्हणाली होती, "तुमी सांगा आबाजी, मी मोबाईलवर लिहून देईन." मी नाही म्हटलं. माझ्या बोलण्यात दुसऱ्याचं बोट मला चालत नाही.

यंदाही डवरणीचे दिवस आलेत, म्हणून हे सारं वर आलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वीतभर झाली की पावसाला जरा उघाड लागते आणि बैलांना जुंपून दोन ओळींच्या मधून डवरा फिरवतात. त्यानं तण मरतं, माती मोकळी होते, मुळाला वारा लागतो. तुटलेल्या गवताचा एक कच्चा, गोडूस वास असतो. तो फक्त ह्याच दिवसांत येतो. बैलांच्या तोंडाला सुतळीचं मुसकं बांधलेलं असतं, म्हणजे चालता चालता पीक खायला नको. डवऱ्याच्या पासेला, म्हणजे लोखंडी पात्याला, काळी माती लोण्यासारखी चिकटते, ती पायानं ढकलत जायची. मागून बगळे चालतात. त्यांना वाटतं, हे सगळं आपल्यासाठीच चाललं आहे. यंदा आमच्या शेजारच्या वावरात पेट्रोलवर चालणारं यंत्र फिरतं आहे. त्याच्यामागे बगळे जात नाहीत, हे मी पाहून ठेवलं आहे.

त्या वर्षी नात साक्षी परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीवर घरी आली होती. ती अमरावतीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिकडे भाड्याच्या खोलीत मैत्रिणींबरोबर राहायची. घरात टीव्ही, गोठ्यात गुरं, ओसरीत येणारे-जाणारे. तिला अभ्यास सुचेना. म्हणून ती वावरात यायची, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या निंबाखाली पोतं अंथरून बसायची आणि मोठ्यानं घोकायची. मी डवरा घेऊन त्या टोकाला आलो की चार शब्द कानावर पडायचे, वळून परत आलो की आणखी चार. ना ते मराठी, ना हिंदी, ना आमच्या आमदाराच्या पोराचं इंग्रजी.

एकदा मी जोडी उभी केली.

"काय घोकून राह्यली वं?"

"लॅटिन, आबाजी. शरीराचे शब्द सारे लॅटिनमंधून आले."

"कोण्या लोकायची भाषा होय थे?"

"आता कोणाचीच नाई. बोलणारे मरून गेले."

"मंग मेलेल्यायची भाषा घोकून तू जित्याले काय बरं करशीन?"

ती वैतागली. पाठ केलेलं तिला आठवत नव्हतं आणि म्हातारा समोर बैल घेऊन उभा. "जा ना आबाजी. तुमाले नाई समजत थे."

हे वाक्य मला कुणी म्हटलं की मी तिथून हलत नाही. सरकारी माणसानं म्हटलं तरी नाही, जावयानं म्हटलं तरी नाही. मी बैल सावलीत बांधले आणि तिच्या पोत्याच्या कडेला बसलो. म्हटलं, "सांग. समजते का नाई थे मी पायतो."

आता आमच्या वऱ्हाडात अनोळखी माणूस भेटला तर आम्ही काय करतो? आधी गाव विचारतो. मग आडनाव. मग मामेकूळ कुठलं, बहीण कुठं दिली, पोराला कुणाची केली. कपातला चहा संपायच्या आत तो आपल्या कुणाचा तरी साडू नाहीतर व्याही निघतोच. निघाला की मग त्याला विसरता येत नाही. साक्षी शब्द पाठ करत होती आणि ते तिच्या डोक्यातून सांडत होते, कारण एकाही शब्दाला तिनं गाव विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "एकेकाले बसव आन् इचार. तू कोणाचा? तुही सोयरीक कोठी?"

तिला ते खुळ्यासारखं वाटलं. पण पुस्तकात प्रत्येक शब्दाखाली बारीक अक्षरात त्याचं मूळ दिलं होतं, ते तिनं तोवर वाचलंच नव्हतं. तिनं पहिला काढला तो स्नायूचा. इंग्रजीत मसल. मूळ मुस्कुलस. मुस्कुलस म्हणजे लहान उंदीर.

"उंदीर काहून?"

"दंड हलवला का कातड्याखालून उंदीर पयाल्यासारखा दिसते म्हणून."

मी बाही वर केली. म्हातारा झालो तरी डवरा धरणारा दंड होता. मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. आम्ही लहान असताना मोठी माणसं म्हणायची, बेडकी काढून दाखव. त्यांना तिथं उंदीर दिसला, आम्हाला बेडकी. मी साक्षीला हे सांगितलं तेव्हा ती हसली. पुढचा शब्द तिनंच घाईघाईनं काढला. गुडघ्यावरचं गोल हाड, पटेल्ला. पटेल्ला म्हणजे लहान थाळी. आपण काय म्हणतो? गुडघ्याची वाटी. डोळ्याच्या मधलं काळं, ते पुपिल्ला. पुपिल्ला म्हणजे लहानशी पोरगी, बाहुली. आपण काय म्हणतो?

"डोळ्याची बाहुली," साक्षी स्वतःच म्हणाली. "आबाजी, हे तं आपल्यासारखंच हाये."

मला त्या दिवशी मनातून फार बरं वाटलं. जोडी परत जुंपून चालायला लागलो तेव्हा डोक्यात तेच. इतके दिवस मला वाटत होतं की दवाखान्यातले शब्द फार उंचावरच्या लोकांनी, गादीवर बसून केले असतील. आणि हे निघाले कसले? माणसाच्या अंगाला नावं द्यायची वेळ आली तर यांनी चुलीपाशी हात घातला. थाळी काढली, वाटी काढली, उंदीर काढला, पोरीच्या हातातली बाहुली काढली. कमरेच्या हाडाच्या पेटीला यांनी नाव दिलं पेल्व्हिस, म्हणजे हात-पाय धुवायचं घंगाळ. भांडी घासलेल्या माणसांची भाषा होती ती. त्यांना आमच्या ओसरीवर बसवलं असतं तर ते बसले असते.

मग रोजचंच झालं. मी एक तास संपवून धुऱ्यावर यायचो. तास म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीला लागून जाणारी डवऱ्याची सरळ रेघ, घड्याळाचा नव्हे. आलो की साक्षी एक शब्द द्यायची. तो मी पुढच्या तासात चघळत जायचो आणि परतताना तिला उलटा विचारायचो. कधी मी हट्ट धरायचो की माझ्या वावरातलं सांग. ती मोबाईलमध्ये शोधायची. हरभऱ्याच्या लॅटिन नावात मेंढा आहे म्हणे. घरी जाऊन मी बियाण्यातला हरभरा दिव्याखाली धरून पाहिला. खरंच, नाकाडापासून मागे वळलेल्या शिंगांपर्यंत पुरा मेंढा. जन्मभर पेरला, कधी दिसला नव्हता.

एक दिवस तिनं मानेतल्या मोठ्या शिरेचा शब्द काढला आणि त्याच्या मागे मागे जात मुळाशी पोचली. तिथं होतं युगुम. आणि युगुम म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू.

"जू?"

"हो ना. जू."

मी काजळ्या आणि हरण्याच्या मानेवर पाहिलं. ते माझ्या वडिलांनी बाभळीचं करून घेतलेलं जू, मधे हातानं गुळगुळीत झालेलं. आणि हाच शब्द समुद्रापलीकडे. साक्षी म्हणाली की लांब कुठंतरी, फार मागे, हे लोक आणि आपले लोक एका घरचे असावेत असं जाणते म्हणतात. म्हणून दातालाही दोघांकडे जवळजवळ सारखाच शब्द. मी म्हटलं, "मंग पाय. मी पयलेच म्हटलं होतं. सोयरे निघाले."

दुपारी भाकरी घेऊन माझी बायको कमला यायची. तिला हा सारा तमाशा वाटायचा. टोपलं खाली ठेवायच्या आधीच तिचं तोंड सुरू. "साक्षे, बुढ्याले सोड. दोन तास राह्यले आणखी. शिकून कोणाले सुया टोचणार हायेत हे?" मग माझ्याकडे, "काहो, त्या तुमच्या लॅटिनमंधी भाकरीले काय म्हणतेत?" साक्षीला ते येत होतं. पानिस, असं काहीतरी म्हणाली. कमला म्हणाली, "मंग पानिस खा आन् उठा. बैल तापून राह्यले." आमच्या घरात माझ्यासमोर आवाज चढवणारी ती एकटी. मी तिला कधी जिंकलो नाही, आणि हरलो असं कबूलही केलं नाही. आमचा संसार असा समान ओढीचा होता.

साक्षी परीक्षेला अमरावतीला परत गेली आणि त्याच आठवड्यात कमला गोठ्याच्या दारात शेवाळावरून घसरली. आवाज मी ऐकला. ती ओरडली नाही. "मले उठवू नोका, काहीतरी मोडलं," असं अगदी शांतपणे म्हणाली. खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगा सुधाकर, म्हणजे साक्षीचा बाप, यानं जीप केली. दर्यापूरला डॉक्टरनं पाहिलं आणि अकोल्याला पाठवलं. तिथं ऑपरेशन झालं, चांगलं झालं.

आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. जिवंत होती, पण गेली.

तिच्या नजरेत मी नव्हतो. दवाखान्याचा लांबट हॉल तिला लग्नघर वाटत होता. तिचं माहेर वर्धा नदीच्या काठी, कौंडण्यपूरच्या बाजूला. तिथलं कुणाचं तरी लग्न तिच्या डोक्यात लागलं होतं. नदीला पूर होता, वऱ्हाड नावेसाठी पलीकडच्या काठावर अडकलं होतं. "डोंगा सोडू नोका रे, पाणी चढून राह्यलं," असं ती नर्सला सांगायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणायची, "बाई, तुमी कोणाकडल्या? जेवल्या का? पंगत उठली का?" ती बाईही बिचारी भली. म्हणायची, "जेवलो वं माय, पोटभर." हात उचलून कमला हवेतच वाढायची, सलाईनची नळी ओढायची. म्हणून मनगटं पट्टीनं खाटेला सैल बांधावी लागली. ते मला पाहवेना.

डॉक्टर वयानं लहान, पण बोलायला नीट होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, आजींना डिलिरियम झालाय. या वयात ऑपरेशननंतर होतो. बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. ओळखीचं माणूस जवळ असू द्या, चष्मा लावून द्या, खिडकी उघडी ठेवा. आणि त्यांच्याशी वाद घालू नका." मी मान हलवली. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की तिचं डोकं गेलं आणि मी वाद घालतो. माझ्या बायकोशी कसं बोलायचं हे मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं. मी तसाच गेलो आणि वाद घातला.

"हे अकोला होय. दवाखाना होय. तुह्या खुब्याचं हाड मोडलं."

"मले काई झालं नाई. तुमी कोण?"

मी काय करणार? आम्ही अनोळखी माणसाला जसं ओळखीचं करतो तसंच मी स्वतःला ओळखीचं करायला गेलो. माझं गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. तिच्या बापाचं नाव घेतलं, भावाचं घेतलं. म्हटलं, "मी तुह्या बापाचा जावई होय."

तिनं माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं. "कोणता? माह्या बापाले दोन जावई. एक नागपूरले असतेत."

"दुसरा."

"दुसरा आला नाई लग्नाले," ती म्हणाली. "काहीतरी मनाले लागलं असन. रुसून बसला असन घरी."

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं हसली. वाईटानं नाही हसली, पण हसली. माझ्या टाळूला आग लागली. "अवं, मीच थो!" मी इतक्या जोरात ओरडलो की ती घाबरली. खाटेच्या पलीकडच्या बाजूला सरकायला लागली, मोडलेला पाय ओढत. "याले बाहेर काढा," असं सगळ्या हॉलला सांगत होती. नर्स धावत आली. मी बाहेर निघून गेलो.

व्हरांड्यात सुधाकर उभा होता. तो वाईट मुलगा नाही. रात्री तोच बसत होता, डोळे तांबडे झाले होते. तो हळूच म्हणाला, "बाबा, मले वाटते माय आता अशीच राहीन. जखम भरली का घरी नेऊ. मागची खोली हाये ना. कडी लावता येते, म्हणजे कुठी पडणार-झडणार नाई."

मागची खोली. आमच्या गावात एक म्हातारी तशा मागच्या खोलीत होती. आम्ही पोरं दाराच्या फटीतून पाहायचो. तिला ताट आत सरकवत. सुरुवातीला ती आतून नावं घेऊन हाका मारायची, मग नुसत्याच हाका, मग त्याही नाही. तिचं नाव काय होतं हे मला आज आठवत नाही, आणि मला खात्री आहे की तेव्हाही कुणी घेत नव्हतं. सुधाकरला ते माहीत नव्हतं, तो नंतरचा. त्याच्यासाठी खोली म्हणजे खोली. पण मला कळलं की जखम भरेपर्यंत जेवढे दिवस आहेत, तेवढेच माझ्या हातात आहेत. तोवर ती आली तर ओसरीवर, नाही तर कडीच्या आत.

संध्याकाळी साक्षी शेवटचा पेपर देऊन अमरावतीहून बसनं आली. आजीला पाहून आली आणि जिन्याखालच्या बाकावर माझ्याजवळ बसली. रडली नाही. हाताला डेटॉलचा वास येत होता. "डाक्टर काय म्हणाले?"

"डिलिरियम म्हणे."

आणि मग मी सवयीनं म्हटलं. खरंच सवयीनं, दुसरं काही मनात नव्हतं. "याचं गाव कोणतं?"

तिलाही माहीत नव्हतं. तिनं मोबाईल काढला, थोडा वेळ वाचत राहिली. तिचा अंगठा थांबला.

"डे म्हणजे पासून. बाहेर. आन् लिरा म्हणजे..." ती माझ्याकडे पाहायला लागली. "लिरा म्हणजे वावरातलं तास, आबाजी. बैलानं तास सोडलं, नांगर रेघेच्या बाहेर गेला, त्याले हे म्हणत."

बाहेर चहाच्या टपरीवर कुणीतरी ग्लास धूत होतं.

त्या लॅटिनवाल्या लोकांच्या घरातलीही म्हातारी माणसं अशी बडबडली असतील. त्यांचेही नवरे बाहेर व्हरांड्यात येऊन बसले असतील. तेव्हा त्यांच्या मनात काय आलं? वेड आलं नाही, भूत आलं नाही. त्यांना बैल आठवला. म्हणजे तेही कधी ना कधी जोडीमागे चालले होते. ज्यानं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला त्याला तास सुटलेला बैल माहीत होता, आणि तो बैल माहीत असलेल्या माणसाला हेही माहीत असतंच की तो परत येतो.

मी माझ्या वडिलांमागे डवरा शिकलो. बैल कधी माशीनं, कधी हिरव्या वासानं, कधी नुसत्या थकव्यानं तास सोडतो आणि पिकावर चढतो. नवा माणूस काय करतो? कासरा ओढतो आणि ओरडतो. ओढलं की बैलाचं तोंड इकडे येतं आणि पाय तिकडेच जातात. होती ती रोपंही चिरडतात. मीही ओढायचो. वडील लांबून म्हणायचे, "त्याले नोको पाहू. दुसऱ्याले उभं कर." म्हणजे डवरा किंचित उचलून धरायचा, कासरा ढिला सोडायचा आणि जो बैल तासात आहे त्याला जागच्या जागी थांबवायचं. तो थांबला की जू तिरपं होतं. बाहेर गेलेल्याच्या मानेला ते कळतं. कुणी ओढत नाही, कुणी मारत नाही, फक्त जोडीदार जिथं असायला हवा तिथं उभा आहे. मग तो स्वतःच एक पाय मागे घेतो, दुसरा घेतो, आणि येतो. घाई केली नाही तर येतो.

डॉक्टरनं मला सकाळी हेच सांगितलं होतं, शब्द वेगळे होते. सांगणाऱ्याचा दोष नव्हता. साक्षीनं मग एकदा सांगितलं की डॉक्टर हा शब्दही लॅटिनच, आणि त्याचा मूळ अर्थ शिकवणारा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं आणि डॉक्टर लोकांचं जन्मभर का पटलं नाही.

मी आत गेलो. तिच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून घेतलं. ओसरीवर, जेवताना, बैलबंडीत, मी नेहमी तिच्या त्याच बाजूला असतो. सुधाकरला म्हटलं, "मनगटं सोडाले सांग. मी हात धरून बसतो." नर्सनं माझ्याकडे शंकेनं पाहिलं, पण साक्षीनं तिच्या भाषेत काही सांगितलं आणि पट्ट्या सुटल्या. मी गाव सांगितलं नाही, नाव सांगितलं नाही. ती वाढायला हात उचलायची तेव्हा मीही माझा हात तिच्याबरोबर उचलायचो, म्हणजे नळी ओढली जाऊ नये. बसून राहिलो. मला बसून राहणं येत नाही. माझ्या आयुष्यात मी एका जागी एवढा कधी बसलो नव्हतो.

तिनं मला पाहुणा मानलं. पाहुणा गप्प आहे, ऐकतो आहे, म्हणून ती बोलायला लागली. वर पाहत, हळू आवाजात, जशी बायका चुलीपाशी बोलतात.

"तुमी आले, बरं झालं. आमचे हे नाई आले."

"का नाई आले?" मी विचारलं.

"त्यायले कोणी आधी इचारलं नसन. मानपान लागते त्यायले. माणूस वाईट नाई हो. पण त्यायले काई सांगतलं का डोकं फिरते. मंग आपण सांगाचंच नाई. भाकरी ठेवाची समोर आन् दुसऱ्याच गोष्टीवर भांडाचं. मंग थे आपोआप करतेत." ती थोडं हसली. "इतकी वर्षं झाली, त्यायले अजून माईत नाई."

खरंच माहीत नव्हतं. दुपारची ती सारी भांडणं, ते पानिस, ते बैल तापून राह्यले. मी स्टुलावर बसून माझ्या घराला पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं पाहत होतो. रागवायला हवं होतं, पण मी पाहुणा होतो. पाहुण्याला राग येऊन कसं चालेल? साक्षीनं एकदा सांगितलं होतं की हॉस्पिटल हा शब्द पाहुण्यावरूनच आला आहे. लग्नघर म्हणणारी कमला अगदीच चूक नव्हती.

त्या रात्री ती बरीच झोपली. दुसरा दिवस तसाच गेला. कधी नदी, कधी पंगत, कधी तिची वारलेली बहीण. मी दुसऱ्या कशावर बोललो नाही. नदीला किती पाणी आहे विचारलं, तिनं सांगितलं. सुधाकर दोनदा दारात येऊन पाहून गेला. खोलीची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ती होती. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनातून ती गेली नव्हती. उभा राहिलेला बैल मनातून भ्यालेला असेल तर ते बाहेरून दिसत नाही, एवढंच.

तिसऱ्या दुपारी उघाड पडली. खिडकीतून ऊन तिच्या चादरीवर आलं. ती बराच वेळ त्या उन्हाकडे पाहत होती. मग तिनं माझ्याकडे मान वळवली, आणि तिच्या कपाळावर ती आठी पडली. मी ती आठी कुठंही ओळखेन.

"ऊन पडलं," ती म्हणाली. "तुमी इथं काहून बसून राह्यले? जोडी कोणं धरली?"

मी म्हटलं, "सुधाकरनं गडी लावला."

"कोणता गडी?"

मी सांगितलं.

"थो?" ती म्हणाली. "गेली मंग पऱ्हाटी. सारे तास मोडून ठेवन थो." आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "पाय लय दुखते हो."

मी साक्षीला बोलावलं. साक्षीनं डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणाला, येणं-जाणं राहील काही दिवस, संध्याकाळी पुन्हा जरा भरकटतील, घाबरू नका. मी या वेळी सारं ऐकलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. सुधाकर खाटेच्या पायथ्याशी उभा राहून आईच्या पायाचा अंगठा धरून रडत होता. ती त्याला म्हणत होती, "मोठा घोडा झाला, लाज धर."

संध्याकाळी ती थोडी पुन्हा नदीवर गेली. मी स्टुलावर होतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी जागी होती. तिनं हॉलभर नजर फिरवली, समोरच्या खाटेवरची माणसं पाहिली, मग हात डोक्याला लावला आणि ओशाळली. "अशीच पडून राह्यलो मी इतक्या माणसायत? साक्षी कुठी?" साक्षी खाली चहा आणायला गेली होती. "मंग तुमीच इंचरा." पुरुषांच्या देखत, दिवसाउजेडी, मी माझ्या बायकोच्या केसांना कंगवा लावीन असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं सोडलं असतं. मी शेजारच्या बाईकडून कंगवा मागून आणला. तेल नव्हतं, पाण्याचा हात घेतला. गुंता खालून सोडवत वर आलो, आणि कंगव्याच्या कडेनं कपाळापासून मागे भांग पाडला. तिनं बोट लावून पाहिलं.

"वाकडा हाये. पुसा आन् पुन्हा पाडा."

मी पुसला आणि पुन्हा पाडला.